मांडवीकाठची काजूवाट, सायकलवरून आणि सावकाश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च लागला की पुण्या-मुंबईचे, कोल्हापूर-बेळगावचे ओळखीचे लोक विचारायला लागतात: गोव्यात समुद्र सोडून सायकलवरून कुठे फिरता येईल? आम्ही डिचोलीकडची माणसं. आमच्या लेखी गोवा म्हणजे आधी नदी, मग डोंगर, आणि समुद्र त्यानंतर. मांडवीच्या दोन्ही तीरांवरून, बेटांवरून, काजूच्या हंगामात एक दिवस कसा काढावा याबद्दल लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

युरोपात नदीकाठच्या वाइनच्या मुलखात सायकलवरून फिरतात. तसं गोव्यात आहे का?

द्राक्षं शोधत असाल तर नाही. गोव्याच्या हवेत द्राक्षाचे मळे होत नाहीत, आणि इथे बाटलीत भरल्या जाणाऱ्या पोर्ट वाइनची द्राक्षंसुद्धा बाहेरून येतात. पण जर्मनीत मोझेलच्या काठाने किंवा पोर्तुगालमध्ये दोरूच्या काठाने लोक ज्यासाठी फिरतात, ते सगळं इथे आहे. नदी आहे, तिच्या दोन्ही बाजूंना उतरती जमीन आहे, त्या जमिनीत होणारं फळ आहे, आणि त्याच गावात, त्याच घरातल्या माणसांनी त्या फळापासून काढलेलं पेय आहे. दोरूच्या वाइनप्रदेशाच्या सीमा १७५६ साली आखल्या गेल्या. आमच्या काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळालं ते २००९ मध्ये. पण काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून सोळाव्या शतकात आणलं, म्हणजे हे झाड इथल्या डोंगरांवर रुळून चारशेहून अधिक वर्षं झाली आहेत. २०१६ मध्ये गोवा सरकारने फेणीला ‘देशी दारू’च्या खात्यातून काढून वारशाचं पेय म्हणून मान्यता दिली. हा मान तिला मिळायलाच हवा होता, आणि तो का, हे भट्टीजवळ दहा मिनिटं उभं राहिलं की कळतं.

उराक आणि फेणी यांत फरक काय? आणि भट्टीवर नेमकं काय चालतं?

या प्रश्नाचं उत्तर थोडं लांब आहे, कारण हे माहीत नसताना गेलात तर भट्टी म्हणजे नुसता धूर आणि मडकी दिसतील.

काजूचं बोंडू, म्हणजे ज्याच्या टोकाला बी लटकते ते रसाळ फळ, झाडावरून तोडत नाहीत. ते पिकून आपोआप पडावं लागतं. सकाळी उन्हं चढायच्या आत घरची माणसं, बहुतेक वेळा बायका, पाटी आणि टोकाला खिळा लावलेली काठी घेऊन डोंगरावर जातात, पडलेली बोंडं गोळा करतात आणि प्रत्येकाची बी पिळून वेगळी काढतात. बी बाजारात जाते, बोंडू भट्टीवर. पूर्वी ही बोंडं कोळंबीत, म्हणजे कातळात कोरलेल्या उतरत्या खळग्यात, पायांनी तुडवत. आता बऱ्याच ठिकाणी यंत्र आलं आहे, पण जुनी कोळंबी अजून काही ठिकाणी वापरात आहे. तुडवून झालेल्या चोथ्याचा गोल ढीग रचतात, वेलीने घट्ट बांधतात आणि वर जड दगड ठेवतात. मग रात्रभर त्यातून जो स्वच्छ रस ठिबकतो, तो नीरो. चोथ्याच्या बाजूने थेंब ओघळून एका कोपऱ्यात येतात आणि तिथे ठेवलेल्या भांड्यात पडतात. घाई करून दाबलं तर रस गढूळ होतो, म्हणून कुणी दाबत नाही.

तुडवलेला रस दोन-तीन दिवस मडक्यात आंबतो. वरून काही घालावं लागत नाही. उकळ्या फुटल्यासारखा तो आपलाआपण फसफसतो, आणि फसफस बसली की ‘तयार झाला’ म्हणतात. मग तो तांब्याच्या भाणात, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या हंड्यात, चढतो. भाणाचं तोंड लाकडी झाकणाने बंद करून फटी चिकणमातीने लिंपतात, खाली लाकडं पेटवतात, वाफ नळीतून जाते आणि पाण्याने गार होऊन दुसऱ्या भांड्यात उतरते. पहिल्या धारेचं ते उराक: हलकं, फळाचा वास जिवंत असलेलं, साधारण पंधराच्या आसपास ग्रावचं. उराकात पुन्हा रस मिसळून दुसऱ्यांदा ऊर्ध्वपातन केलं की फेणी होते, एकोणीस-वीस ग्रावची, म्हणजे मद्यार्क चाळीस टक्क्यांच्या वर. ग्राव हे आमच्याकडचं कडकपणाचं माप. भट्टीवाला काचेची मोजपट्टी बाटलीत सोडून ते बघतो, पण जुना माणूस बाटली हलवून वरच्या बुडबुड्यांवरूनच सांगतो.

फेणी वर्षानुवर्षं टिकते. उराक टिकत नाही. चार-सहा महिन्यांत त्याचा वास उतरतो. म्हणून उराक प्यायला त्या-त्या हंगामातच गोव्यात यावं लागतं, आणि त्याचं अर्धं मोल त्यातच आहे असं मला वाटतं.

मग यायचं कधी?

मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत. फेब्रुवारीच्या शेवटी पहिल्या भट्ट्या पेटतात, मेमध्ये पहिला वळवाचा पाऊस झाला की बोंडू पाण्याळ होतं आणि हंगाम आटोपतो. डिसेंबर-जानेवारीत हवा फार छान असते, पक्षी जास्त दिसतात, पण भट्ट्या थंड असतात. पावसाळ्यात भातशेतीने बेटं हिरवीगार होतात. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडी बेटावर बोंदेराचा उत्सव असतो. त्या दिवशी सायकल घेऊन येऊ नका, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते.

वाट कुठून कुठे जाते?

जुन्या गोव्यातून निघून जुन्या गोव्यात परत, मध्ये तीन फेरीबोटी. साधारण ३० ते ३५ किलोमीटर.

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून रस्ता थेट धक्क्यावर उतरतो. तिथून फेरीबोट दिवाडी बेटावर नेते. उतरलात की समोर सरळ, सपाट रस्ता आणि दोन्ही बाजूंना खाजन शेती. या रस्त्यावर सकाळी सहा-साडेसहाला असावं. बगळे शेतात उतरलेले असतात आणि पाव विकणारा पदेर सायकलला बांधलेली टोपली घेऊन भोंगा वाजवत गावाकडे निघालेला असतो. पुढे पियेदादची टेकडी लागते. वर चर्च आहे. तिथून मांडवीचे फाटे, पलीकडे जुन्या गोव्याची शिखरं आणि दूरवर डोंगर दिसतात. चढ लहान आहे, पण खडा आहे. उतरून सायकल ढकलली तरी कुणी काही म्हणत नाही.

दिवाडीच्या उत्तर टोकाला दुसरी फेरी, नार्वेची. पलीकडे डिचोली तालुका. नार्वेचं सप्तकोटेश्वर मंदिर न बघता पुढे जाऊ नये. हा देव कदंब राजांचं कुलदैवत. त्यांच्या नाण्यांवर त्याच्या कृपेचा उल्लेख आहे. मूळ देऊळ दिवाडीवर होतं, ते सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं. लिंग नदीपार आणून लपवून ठेवलं गेलं, आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी आत्ताच्या जागी देऊळ बांधून घेतलं. दारावर तसा शिलालेख आहे. अलीकडेच, २०२३ मध्ये, जीर्णोद्धार पूर्ण झाला. जी नदी तुम्ही आत्ता पाच मिनिटांत फेरीने ओलांडलीत, तीच ओलांडून देव आला, हे मनात धरून आत जा.

नार्वेहून मयेच्या दिशेने रस्ता वरखाली होत काजूच्या टेकड्यांमधून जातो. या टप्प्यात हंगामात रस्त्यावरच आंबूस-गोड वास येतो. भट्टी जवळ असल्याची तीच पाटी. मये तळ्याजवळ सावली आहे, थांबा. मग चोडण बेट. चोडणला पूल आहे, त्यामुळे इकडून फेरी लागत नाही. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं, सगळं खारफुटीचं. तिथूनच तिसरी फेरी रायबंदरला सोडते, आणि तिथून डावीकडे नदीकाठाने चार-पाच किलोमीटरवर जुनं गोवं. उजवीकडे वळलात तर पणजी. पणजीला जाणारा तो जुना सेतू १६३३-३४ मधला, लिन्यारिशचा काउंट असलेल्या व्हाइसरॉयने बांधवून घेतलेला. अजून त्यावरून बस जाते.

खाजन म्हणजे काय? दिवाडीवर सगळे त्याचंच नाव घेतात.

भरतीच्या खाऱ्या पाण्याखालून बांध घालून मिळवलेली शेतजमीन. या मुलखातली मला सगळ्यांत थोर वाटणारी गोष्ट हीच आहे. नदीकडेच्या बांधात मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती आली की पाण्याच्या दाबानेच झडप मिटते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना माणूस. आत खारं सोसणारं कोरगुट भात पिकतं आणि मानशीजवळच्या खोल पाण्यात मासळी साठते. बांध फुटला आणि वेळेवर बांधला नाही, तर एका हंगामात शेत खारं होतं आणि तिथे खारफुटी उगवते. असे सोडून दिलेले तुकडे वाटेत दिसतील. ते बघून वाईट वाटतं, कारण बांध राखायला अख्खा गाव लागतो.

बांधावरून सायकल चालवता येते का, असंही विचारतात. मातीच्या बांधावर नको. चाकांनी कडा ढासळतात.

सायकलची सवय नाही. जमेल का?

जमेल. बेटांवर रस्ता सपाट आहे. अवघड भाग दोनच: पियेदादची टेकडी आणि नार्वे ते मये. गिअरची साधी सायकल पुरते. टायर अगदी बारीक नकोत, कारण आडरस्त्यांना जांभ्याची खडी असते. अख्खी वाट एका दिवसात करायलाच हवी असं नाही. फक्त दिवाडी फिरून आलात तरी सकाळ सार्थकी लागली. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर मी तेवढंच सुचवतो.

फेरीबोटीत सायकल घेतात?

घेतात, आणि फेरीची वाट बघणं हा या सफरीचाच भाग समजा. आधी गाड्या चढतात की माणसं, ते धक्क्यावरचा माणूस हाताने सांगतो, तसं करा. सायकल कठड्याला टेकवून हाताने धरून ठेवा, कारण पलीकडे लागताना बोट धक्का देते. चोडण-रायबंदर मार्गावर २०२५ पासून मोठ्या रो-रो बोटीही आल्या आहेत. सुटे पैसे जवळ असू द्यात. रात्री उशिरा फेऱ्या विरळ होतात, तेव्हा सूर्यास्ताच्या आत शेवटची नदी ओलांडा.

कुठल्याही भट्टीवर आपण होऊन गेलं तर चालतं?

विचारून गेलात तर बहुतेक ठिकाणी चालतं. एक मात्र ध्यानात ठेवा: भट्टी हे एका कुटुंबाचं दोन-अडीच महिन्यांचं कामाचं ठिकाण आहे. अनेकांनी पावणीत, म्हणजे लिलावात, काजूचा डोंगर घेतलेला असतो आणि ते पैसे याच दिवसांत सुटायचे असतात. घरची बाई पहाटेपासून डोंगरावर, पुरुष रात्रभर आगीजवळ. त्यामुळे सायकल बाहेर लावा, आवाज द्या, ‘दादा, जरा बघू का?’ म्हणा. डिचोली-सत्तरीत मराठी सगळ्यांना कळते. भजन आणि नाटकं मराठीतूनच होतात इथे. उत्तर कोकणीत आलं तरी तुम्हाला समजेल. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. भाणाला आणि नळीला हात लावू नका, ती तापलेली असतात. आणि निघताना अर्धा लिटर का होईना, विकत घ्या. तासभर प्रश्न विचारून, फुकट चव घेऊन, काहीच न घेता निघून जाणारे लोक पाहिले की मला वाईट वाटतं. चवीसाठी पुढे केलेला पेला हा त्या घरचा पाहुणचार असतो, त्याची जाण ठेवावी.

चव घेतली आणि पुढे सायकल चालवली तर?

नको. यात माझं मत पक्कं आहे. उराक हलकं लागतं, लिंबू-मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून सरबतासारखं उतरतं, आणि एप्रिलच्या उन्हात घामाघूम झालेल्या माणसाला अर्ध्या तासात गाठतं. शिवाय वाटेत फेरीचे निसरडे धक्के आहेत आणि अरुंद रस्त्यावर समोरून बस येते. बाटली पाठपिशवीत ठेवा, संध्याकाळी मुक्कामी अंघोळ करून, काहीतरी खाऊन मग घ्या. उराकाची चवही तेव्हाच नीट कळते. गोव्यात मद्यासाठी वयाची अट आहे.

आम्ही पीत नाही. मग यात आमच्यासाठी काय?

नीरो! सकाळचा ताजा नीरो हे या हंगामाचं खरं सुख आहे, आणि त्यात मद्य नसतं. थोडा तुरट, थोडा गोड, घशात किंचित ओढणारा. सकाळी नऊच्या आत मिळाला तर उत्तम. उन्हं चढली की तो आंबायला लागतो, मग मुलांना देऊ नका. बोंडू नुसतंही खाता येतं, मीठ-तिखट लावून. रस कपड्यावर पडला तर डाग जात नाही, एवढं सांभाळा.

वाटेत खायला काय?

सकाळी पातळ भाजी आणि पाव, बरोबर मिरचीचं भजं. कुठल्याही गावच्या नाक्यावर मिळतं. दुपारी मासळीची थाळी आणि सोलकढी. सोमवारी आणि गुरुवारी डिचोलीकडच्या बऱ्याच घरांत मासळी नसते, तेव्हा खतखतें, म्हणजे मिश्र भाज्यांचं कालवण, किंवा मुगाची गाठी, म्हणजे मोडाच्या मुगाची आमटी, मिळाली तर सोडू नका.

सायकल घेऊन रेल्वेने येता येईल?

येईल. कोकण रेल्वेचं करमळी स्थानक जुन्या गोव्याला अगदी लागून आहे, आणि मुंबईच्या बाजूने येणाऱ्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात. सायकल सामान म्हणून नोंदवून ब्रेकच्या डब्यात चढवावी लागते. आपली गाडी करमळीला तेवढा वेळ थांबते का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारा, नाहीतर मडगावला उतरवावी लागेल. स्थानकाशेजारचं करमळी तळं पक्ष्यांसाठी बघण्यासारखं आहे. भाड्याच्या सायकली पणजीत मिळतात.

ऊन, मगरी, ट्रक… धोका कशाचा?

ऊन सगळ्यांत वाईट. आर्द्रतेमुळे घाम सुकत नाही आणि थकवा उशिरा कळतो. अकरा ते साडेतीन सावलीत बसा; तीन लिटर पाणी आणि मिठाची सोय हवी. मगरी कुंभारजुव्याच्या कालव्यात आहेत, रस्त्यावर येत नाहीत, पण मांडवीच्या फाट्यांत आणि खाजनाच्या पाण्यात पोहायला उतरू नका. डिचोली तालुक्यात खनिज वाहतूक चालू असेल तेव्हा काही रस्त्यांवर ट्रकांची रांग असते. नाक्यावरच्या दुकानदाराला विचारा, तो बाजूची वाट दाखवेल.

दोन दिवस असतील तर?

दुसऱ्या दिवशी साखळी ते वाळपई. मांडवीला वरच्या अंगाला म्हादई म्हणतात, आणि सत्तरी हा तिचा मुलूख. साखळीजवळ हरवळ्याचा धबधबा आणि दगडात कोरलेल्या गुंफा आहेत. वाळवंटी नदीकाठी विठ्ठलाचं देऊळ आहे. वाळपईकडे जाताना एका नजरेत सगळी रचना दिसते: वर डोंगरावर काजू, मध्ये पोफळीची कुळागरं, म्हणजे बागा, खाली ओहोळ. चढ जास्त आहेत, सायकलची सवय असेल तरच.

चांगली फेणी कशी ओळखायची, आणि बाटली घरी नेता येते का?

थोडी तळहातावर घेऊन चोळा आणि वास घ्या. उडून गेल्यावर काजूचा वास मागे राहिला तर फळाची आहे. नुसता स्पिरिटचा झोंबरा वास आला तर भेसळ समजा. भट्टीवरची जुनी फेणी मोठ्या काचेच्या गराफांवात ठेवलेली असते, ती मागून घ्या. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीत भरून देत असतील तर काचेची बाटली आपली न्या, प्लास्टिकमध्ये वास बिघडतो.

नेण्याचं म्हणाल तर नियम कडक आहेत. महाराष्ट्रात गोव्याची दारू परवान्याशिवाय नेणं गुन्हा आहे आणि बांद्यापुढे इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. रेल्वेत मद्य नेता येत नाही. विमानाने येणाऱ्यांनी परवानाधारक दुकानातली सीलबंद बाटली घ्यावी आणि ती चेक-इनच्या सामानात टाकावी. फेणीइतक्या कडक मद्याला माणशी पाच लिटरची मर्यादा आहे. भट्टीवरचं सुटं उराक इथेच संपवून जा.